वस्तीच्या पडद्यावर ब्लॅक सिनेमा : पहिला खेळ लावणाऱ्यांसाठी

ब्लॅक सिनेमाला, म्हणजे कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनी बनवलेल्या चित्रपटांना, थिएटरचा रस्ता आयता कधीच मिळाला नाही. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांनी १९१९ मध्ये 'द होमस्टेडर' केला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना गोऱ्यांच्या थिएटरात एक तर वरच्या गॅलरीत बसवत, नाही तर मध्यरात्री वेगळा खेळ लावून आत घेत. मिशो स्वतः गावोगाव फिरत, थिएटरमालकांना येऊ घातलेल्या चित्रपटाची छायाचित्रं दाखवत, आगाऊ रक्कम घेत आणि त्या पैशांतून पुढचं चित्रण करत. १९३० च्या आसपास एलॉइस गिस्ट आणि त्यांचे पती जेम्स हे धर्मप्रचारक जोडपं स्वतः बनवलेले मूकपट घेऊन चर्चमागून चर्च पालथं घालत होतं. पुढे १९९३ मध्ये दिग्दर्शक हायले गेरिमा यांच्या 'सान्कोफा'ला अमेरिकेत वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी थिएटरं भाड्यानं घेतली आणि शहराशहरांतल्या कृष्णवर्णीय संस्था आणि मंडळींना हाताशी धरून तिकिटं खपवली.

म्हणून लायब्ररीच्या सभागृहात, चर्चच्या तळघरात किंवा पार्कातल्या गवतावर एखाद्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा चित्रपट लावणं म्हणजे फक्त एक संध्याकाळ मजेत घालवणं नव्हे. दाखवणारा माणूस त्या घटकेला वितरक असतो. ही गोष्ट मनात पक्की असली की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप नीट होतात: हक्काचे पैसे द्यायचे की नाहीत, हॉल कुठल्या भागात घ्यायचा, माइक कोणाच्या हातात द्यायचा.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आणि तिथल्या शेजाऱ्यांबरोबर असं काही करू पाहणाऱ्या मराठी माणसांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. इथे पुण्यामुंबईत फिल्म सोसायटी चालवणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं आहे.

आधी दुसऱ्यांच्या खेळाला जा

पहिलं काम चित्रपट शोधण्याचं नाही. जे लोक हे वर्षानुवर्षं करत आहेत त्यांच्याकडे जाऊन खुर्च्या लावण्याचं आहे.

फिलाडेल्फियाचंच उदाहरण घ्या. लुई मसाया यांनी १९८२ मध्ये तिथे स्क्राइब व्हिडिओ सेंटर सुरू केलं. ही संस्था सामान्य माणसांना कॅमेरा शिकवते, वस्त्यांना आपापला इतिहास चित्रित करायला मदत करते आणि 'स्ट्रीट मूव्हीज' या उपक्रमात शहराच्या निरनिराळ्या भागांत उघड्यावर मोफत चित्रपट दाखवते. त्या त्या भागातली संस्था यजमान असते, हे त्यातलं मर्म. त्याच शहरात २०१२ पासून ब्लॅकस्टार हा महोत्सव भरतो. तो मावरी कार्मेल होम्स यांनी सुरू केला. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ पासून पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल आहे, न्यूयॉर्कमध्ये महेन बोनेटी यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल आहे. या सगळ्यांच्या मागे उभा असलेला थोरला महोत्सव म्हणजे बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथला फेस्पाको, १९६९ पासूनचा.

अशा एखाद्या महोत्सवात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. दारावर तिकिटं तपासताना, पाहुण्यांना विमानतळावरून आणताना, चर्चेत माइक घेऊन रांगांमधून फिरताना जे कळतं ते कुठल्याही लेखातून कळणार नाही. कोण उशिरा येतं, कोण चित्रपट संपल्यावरही उठत नाही, कुठल्या प्रश्नावर हॉल गार पडतो, हे डोळ्यांनी पाहायला मिळतं. शिवाय तुमच्या शहरात हे काम आधीच चालू असेल तर नवी संस्था काढण्याची गरजच नाही. त्यांच्या वर्षाच्या कार्यक्रमातला एक खेळ तुम्ही अंगावर घेतला तरी ते मोठं काम आहे.

यजमान वस्तीतला हवा

चित्रपट ठरवून, पोस्टर छापून मग 'आता कृष्णवर्णीय प्रेक्षक कसे आणायचे' असं विचारणारे आयोजक पुष्कळ भेटतात. तोवर उशीर झालेला असतो. ज्यांच्या भागात खेळ लावायचा आहे त्यांच्यातली दोन-तीन माणसं निवडीच्या पहिल्या बैठकीपासून सोबत हवीत, आणि त्यांच्या 'नको'ला किंमत हवी. चर्चचे पास्टर, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, केस कापण्याच्या दुकानाचा मालक, लायब्ररीतल्या मुलांच्या विभागाच्या बाई, गल्लीच्या समितीचे अध्यक्ष: असे लोक शेकडो घरांना ओळखतात. त्यांना भेटायला जाताना हातात तयार योजना नको. 'तुमच्या लोकांना काय पाहायला आवडेल, आणि काय पाहून कंटाळा आलाय?' एवढंच विचारा.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. गुलामगिरी, पोलिसांच्या गोळ्या आणि तुरुंग यांवरचे चित्रपट त्यांनी खूप पाहिलेत. त्यांना प्रेमकथा हवी असते, विनोद हवा असतो, आजीच्या स्वयंपाकघरातली गोष्ट हवी असते. हे ऐका. वेदनेचे चित्रपट दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण वर्षाला चार खेळ लावणार असाल आणि चारही रडवणारे असतील, तर तो कार्यक्रम त्या वस्तीसाठी राहत नाही, बाहेरून पाहायला येणाऱ्यांसाठी होतो.

तारखेचंही तसंच. अमेरिकेत फेब्रुवारी हा ब्लॅक हिस्टरी मंथ. त्या महिन्यात सगळ्या लायब्ऱ्या, शाळा, कंपन्या एकाच वेळी जाग्या होतात, वक्ते मिळत नाहीत, आणि १ मार्चला सगळं सामसूम. तुम्ही ऑक्टोबर घ्या, एप्रिल घ्या. १९ जूनचा जूनटीन्थ, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा स्मरणदिन, हा २०२१ पासून राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. त्या आठवड्यात वस्तीचे स्वतःचे कार्यक्रम असतात, तेव्हा वेगळा घाट घालण्यापेक्षा त्यांच्यात जाऊन मिसळा.

निवड

पहिल्या खेळासाठी माझी निवड विचाराल तर सेनेगलचे उस्मान सेम्बेन. त्यांचा 'बोरोम सारेट' (१९६३) वीसेक मिनिटांचा आहे: डाकार शहरातल्या एका घोडागाडीवाल्याचा एक दिवस. त्याला जोडून 'ब्लॅक गर्ल' (१९६६) लावा, तो जेमतेम तासाभराचा. डाकारची एक तरुणी फ्रेंच कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी जाते आणि चार भिंतींत मोलकरीण होऊन बसते, एवढीच कथा. दोन्ही मिळून दीड तासाच्या आत संपतात. चर्चेला वेळ उरतो, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे लोक थांबतात. आणि परक्याच्या घरी राबलेली बाई प्रत्येकाच्या कुटुंबात कुठे ना कुठे असतेच.

अमेरिकन चित्रपटांत 'एल. ए. रिबेलियन' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मंडळींपासून सुरुवात करावी. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची वीसेक वर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शिकलेले हे कृष्णवर्णीय दिग्दर्शक. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या एका खाटीकखान्यातल्या कामगाराच्या घरचा आहे. त्यात मोठं काही घडत नाही आणि तरी पाहणाऱ्याला जागेवरून उठवत नाही. ज्युली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) हा अमेरिकेत सर्वत्र थिएटरांतून प्रदर्शित झालेला आफ्रिकन-अमेरिकन स्त्री दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरच्या, गुलामांच्या वंशातल्या गुल्ला लोकांचा आहे, दोन तासांना थोडा कमी, आणि कथा सरळ रेषेत चालत नाही. पहिल्याच खेळाला तो लावू नये असं माझं मत आहे. तिसऱ्या-चौथ्याला, प्रेक्षक एकमेकांना ओळखू लागल्यावर, तो फार चांगला रंगतो. कॅथलीन कॉलिन्स यांचा 'लूझिंग ग्राउंड' (१९८२) तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेचा आणि तिच्या चित्रकार नवऱ्याचा आहे. शिकलेल्या, सुखवस्तू कृष्णवर्णीय स्त्रीचं मन पडद्यावर पाहणं अजूनही अनेकांना नवं वाटतं.

जुन्याकडे जायचं असेल तर मिशो यांचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०). याची एकही प्रत अमेरिकेत उरली नव्हती. स्पेनमध्ये 'ला नेग्रा' या नावाखाली एक सापडली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९३ मध्ये ती दुरुस्त केली. मूकपटाला कोणी प्रत्यक्ष पियानो किंवा ऑर्गन वाजवणार असेल तर चर्चचा हॉल भरतो. मात्र यात जमावानं केलेल्या हत्येचं आणि स्त्रीवरच्या हल्ल्याचं दृश्य आहे. पत्रकावर आणि सुरुवातीच्या दोन वाक्यांत ते स्पष्ट सांगा, मुलं घेऊन आलेल्यांना आधी कळू द्या.

निवडलेला चित्रपट आयोजकांपैकी किमान तिघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला हवा. ट्रेलरवर जाऊ नका.

हक्क : इथे घाई नको

नवे लोक सर्वांत जास्त इथे अडखळतात, म्हणून जरा सविस्तर.

घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा नेटफ्लिक्ससारख्या सेवेची वर्गणी यांनी सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. खेळ मोफत असला तरी नाही, संस्था धर्मादाय असली तरी नाही. अमेरिकेच्या कायद्यात शिक्षकानं वर्गात, समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना, शिकवण्याचा भाग म्हणून दाखवण्याची सूट आहे. पण तोच चित्रपट त्याच कॉलेजात संध्याकाळी सगळ्यांसाठी लावला की ती सूट संपते.

म्हणजे परवाना हवा. वाटा साधारण अशा. मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट असतील तर स्वँक सारख्या कंपनीकडून एका खेळाचा परवाना घ्यायचा. पुष्कळ सार्वजनिक लायब्ऱ्यांकडे वर्षभराचा एकत्रित परवाना असतो. लायब्ररीत खेळ करणार असाल तर तिथल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी तेच विचारा, कदाचित तुमचा खर्च शून्यावर येईल. पण अशा परवान्याखाली बाहेरच्या जाहिरातीत चित्रपटाचं नाव लिहिता येत नाही अशी अट बहुतेक वेळा असते. ती पोस्टर छापण्याआधी वाचा. जुने, परदेशी आणि स्वतंत्र चित्रपट मात्र छोट्या वितरकांकडे असतात: जेनस फिल्म्स, किनो लॉर्बर, माइलस्टोन, थर्ड वर्ल्ड न्यूजरील, विमेन मेक मूव्हीज. आफ्रिकन चित्रपटांसाठी कॅलिफोर्निया न्यूजरीलचंही नाव ध्यानात ठेवा. नव्या लघुपटांसाठी तर सरळ दिग्दर्शकालाच लिहावं.

वितरकाला लिहिलेल्या पत्रात या गोष्टी एकदम द्या: संस्थेचं नाव आणि ती ना-नफा आहे का, तारीख, जागा, किती खुर्च्या, तिकीट आहे की मोफत, उघड्यावर की बंद हॉलमध्ये, आणि कुठल्या स्वरूपातली प्रत चालेल. हे सगळं असलं की उत्तर लवकर येतं. बिगर-व्यावसायिक एका खेळाला साधारण काहीशे डॉलर पडतात. चित्रपट, जागा आणि प्रेक्षकसंख्या यांनुसार आकडा बदलतो. परवडत नसेल तर तसं मोकळेपणी लिहा, घासाघीस करण्यात गैर काही नाही. छोटे वितरक वस्तीच्या कामासाठी पुष्कळदा दर कमी करतात. उघड्यावरचा खेळ असेल तर पावसासाठी राखून ठेवलेली दुसरी तारीखही त्याच परवान्यात लिहून घ्या, नाही तर पाऊस पडला की पुन्हा पैसे.

'विदिन अवर गेट्स'सारख्या शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रपटावर अमेरिकेत आता कोणाचा हक्क नाही. पण त्याच्या एखाद्या दुरुस्त आवृत्तीला नवं संगीत दिलेलं असतं, आणि त्या संगीतावर असतो. आपला वादक बसवणार असाल तर आवाज बंद ठेवून चित्र दाखवता येतं. डिस्कवरच्या संगीतासह दाखवायचं असेल तर ती आवृत्ती काढणाऱ्या कंपनीला विचारा.

संगीताचे हक्क ही किती जड गोष्ट आहे ते 'किलर ऑफ शीप'च्या नशिबावरून कळतं. बर्नेट यांनी तो विद्यापीठातल्या प्रबंधासाठी शनिवार-रविवारी चित्रित करून १९७७ मध्ये पुरा केला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, आणि ते घ्यायला पैसे नव्हते. त्यामुळे एवढा मोठा चित्रपट तीस वर्षं थिएटरबाहेर राहिला, २००७ मध्ये माइलस्टोननं हक्क मिळवून तो प्रदर्शित केला. अशा छोट्या कंपन्यांनी दुरुस्तीवर आणि हक्कांवर घातलेला पैसा तुमच्या-आमच्या एकेका खेळाच्या भाड्यातून वसूल होतो. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत लावणारा आयोजक याच लोकांच्या ताटातलं काढून घेतो. म्हणून माझा या बाबतीत आग्रह आहे.

जागा आणि यंत्रं

जागा निवडताना पहिला निकष: लोक तिथे एरवीही येतात का? विद्यापीठाचं देखणं सभागृह पार्किंगचे पैसे आणि दारावरचा सुरक्षारक्षक यांमुळे रिकामं राहू शकतं, आणि चर्चच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्या भरतात. बस येते का, चाकाची खुर्ची आत जाते का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, खाणं आत नेता येतं का, हे स्वतः जाऊन पाहा.

पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून चार फुटांवर तरी हवा. सबटायटल्स तळाला असतात, आणि सपाट जमिनीवर पुढच्याचं डोकं नेमकं तिथे येतं; वोलोफ (सेनेगलची भाषा) किंवा फ्रेंच चित्रपटाचा खेळ याच एका कारणानं वाया जाऊ शकतो. दहा-बारा फूट रुंद पडद्याला, हॉल नीट अंधारा होत असेल तर, चार ते पाच हजार ल्युमेनचा (हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे असतात. प्रोजेक्टरच्या सेटिंगमुळे ते आडवे ताणले गेले तर माणसं जाडी दिसतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या.

आवाजावर चित्राहून जास्त लक्ष द्या. शेवटच्या रांगेत बसून कुजबुजीचा प्रसंग ऐका. हॉल भरला की माणसं आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये जरा मोठा वाटेल इतका ठेवा. इंग्रजी चित्रपटालाही इंग्रजी अक्षरं पडद्यावर लावा. कमी ऐकू येणारी ज्येष्ठ मंडळी या प्रेक्षकांत खूप असतात, आणि डॉटर्समधल्या गुल्ला बोलीसारखी भाषा कानाला नवीन असणाऱ्यांनाही आधार होतो.

थिएटरमध्ये खेळ असेल तर वितरक डीसीपी पाठवतो, म्हणजे हार्ड ड्राइव्हवरची थिएटरच्या यंत्रावर चालणारी प्रत. तिला कुलूप असेल तर वेगळी डिजिटल किल्ली येते आणि ती ठरावीक तारखा-वेळांतच चालते. किल्लीची मुदत आदल्या दिवशीच्या चाचणीपासून सुरू होते ना, हे विचारून घ्या. लायब्ररीत किंवा चर्चमध्ये डीसीपीचा उपयोग नाही. ब्ल्यू-रे किंवा व्हिडिओ फाइल मागा. कुठेही असलात तरी वाय-फायवरून थेट दाखवू नका. आदल्या दिवशी सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं चालवून पाहा, आणि दुसरी प्रत खिशात ठेवा.

उघड्यावर करायचं तर सूर्य बघा. फिलाडेल्फियात जुलैच्या सुरुवातीला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. चित्र दिसायला नऊ होतात आणि लहान मुलं तोवर पेंगतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सात वाजता मावळतो. पार्कासाठी शहराच्या उद्यान विभागाची परवानगी लागते आणि ती मिळायला काही आठवडे जातात. जनरेटर पडद्यापासून जमेल तितका दूर.

पैसे आणि प्रसिद्धी

खर्चाचा क्रम असा लावा: चित्रपटाचं भाडं, वक्त्याचं मानधन, जागा, खाणं, छपाई. कमी पडलं की खालून कापत जा. वक्त्याला 'तुमच्यासाठी ही एक संधी आहे' असं सांगून फुकट बोलावण्याची रीत सोडून द्यावी. कृष्णवर्णीय अभ्यासक आणि कलावंतांना असं बोलावणं वर्षभर येत असतं. खाणं त्याच भागातल्या कृष्णवर्णीय मालकाच्या उपाहारगृहातून घ्या. पैसा तिथेच राहतो आणि मालक चार गिऱ्हाइकं घेऊन येतो.

मदत कुठून? लायब्ररीच्या मित्रमंडळाकडून, शहराच्या कला विभागाकडून, राज्याच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलकडून (इतिहास-साहित्य अशा विषयांवरच्या कार्यक्रमांना मदत करणारी संस्था), जवळच्या कॉलेजातल्या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागाकडून. कॉलेजांना वस्तीशी नातं जोडायचं असतं, हॉल आणि प्रोजेक्टर त्यांच्याकडे असतो.

प्रसिद्धीचं थोडक्यात सांगतो: चर्चच्या रविवारच्या पत्रकातली एक ओळ आणि सलूनच्या आरशाला लावलेलं पोस्टर इन्स्टाग्रामवरच्या दहा पोस्टना भारी पडतं. आदल्या दिवशी फोन करा.

अनेक शहरांतल्या संस्था एकत्र आल्या तर काय होतं हेही सांगायला हवं. दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांनी २०१० मध्ये कृष्णवर्णीय चित्रपट महोत्सव आणि संस्थांना एकत्र बांधून वितरणाची चळवळ उभी केली. आज ती 'अरे' (ARRAY) या नावानं चालते. पहिला चित्रपट होता त्यांचाच 'आय विल फॉलो', २०११ मध्ये मोजक्या शहरांत लागलेला. प्रत्येक शहरातल्या संस्थेनं आपले प्रेक्षक आणले. तुमचं वर्षभराचं काम जमलं की शेजारच्या शहरातल्या अशाच गटाशी बोला. एकच दिग्दर्शक दोन गावांत आला तर प्रवासखर्च निम्मा होतो.

चर्चा

सेम्बेन कादंबरीकार होते. आपली फ्रेंच पुस्तकं ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ती वाचता येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर ते चित्रपट शिकायला मॉस्कोला गेले. परत आल्यावर ते आपले चित्रपट घेऊन सेनेगलमधल्या खेड्यांत जात आणि खेळानंतर लोकांशी बोलत बसत. त्यांच्या लेखी ते बोलणं चित्रपटाचाच भाग होतं. तुमच्या कार्यक्रमातही त्याला पुरता अर्धा तास ठेवा, आणि तो वाचावा म्हणून सुरुवातीची भाषणं पाच मिनिटांत आटपा. प्रायोजकांची नावं पडद्यावर येऊ द्या.

चर्चा चालवणारी व्यक्ती त्या समाजातली, बोलकी आणि ऐकून घेणारी असावी. तुम्ही मराठी आयोजक असाल तर स्वागत करा आणि खाली बसा. चित्रपट संपल्यावर दोन-तीन मिनिटं दिवे मंद ठेवून लोकांना श्वास घेऊ द्यावा, मग बोलावं. 'कसा वाटला?' या प्रश्नाला 'छान' यापलीकडे उत्तर मिळत नाही. एखाद्या प्रसंगापासून सुरू करा: 'ब्लॅक गर्लमध्ये ती मुलगी घरमालकिणीला भेट दिलेला मुखवटा परत घेते, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?' मग लोक आपोआप स्वतःच्या घरावर येतात. हॉलमधल्या कृष्णवर्णीय माणसाला 'तुमच्या समाजाचं काय मत?' असं कोणी विचारू लागलं तर चालकानं तिथेच प्रश्न वळवावा; कोणी तिकीट काढून साक्ष द्यायला आलेलं नसतं. आणि पहिला माइक वयस्क बाईंकडे किंवा एखाद्या तरुण मुलीकडे जाऊ द्या. पहिलं बोलणं कोणाचं, यावर पुढची वीस मिनिटं ठरतात.

चित्रपटाला जोडून आणखी काही करता आलं तर उत्तमच. शिकागोत जॅकलिन स्ट्यूअर्ट यांनी २००५ मध्ये सुरू केलेला साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट त्या भागातल्या कुटुंबांनी काढलेल्या जुन्या घरगुती फिल्मा जमा करतो, जपतो आणि दाखवतो: वाढदिवस, मिरवणुका, समुद्रकाठच्या सहली. तुमच्या वस्तीत कोणाच्या माळ्यावर आठ मिलिमीटरची रिळं असतील तर विचारा. फिल्म ठिसूळ झालेली असू शकते, म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर चालवण्याआधी जाणकाराकडून तपासून डिजिटल प्रत करून घ्यावी. मग मुख्य चित्रपटाच्या आधी त्यातली पाच मिनिटं लावा. स्वतःच्या आजोबांना पडद्यावर पाहिलेलं कुटुंब पुढच्या प्रत्येक खेळाला येतं.

आपला धागा

मराठी माणसाचं यात काय काम, असं कोणी विचारेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडे बघत. अमेरिकेतल्या आंबेडकरवादी संस्था एप्रिल हा दलित हिस्टरी मंथ म्हणून पाळतात, तोही ब्लॅक हिस्टरी मंथवरूनच सुचलेला. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये दलित फिल्म अँड कल्चरल फेस्टिव्हल भरला तो कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. नागराज मंजुळे तिथे होते.

तेव्हा एप्रिलमध्ये दोन संस्थांनी मिळून दोन चित्रपटांचा खेळ ठेवणं अगदी स्वाभाविक आहे. एक कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा, एक दलित दिग्दर्शकाचा, आणि चर्चेला दोन्हीकडची माणसं. भाडं आणि मानधन निम्मं-निम्मं वाटून घ्या आणि पत्रकावर दोन्ही नावं सारख्याच आकारात छापा. 'आमचं आणि तुमचं दुःख एकच' असं व्यासपीठावरून म्हणून मात्र मोकळं होऊ नका. साम्य आहे तसा फरकही आहे, आणि तो बोलण्यात यायला हवा. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये खेळ असेल तर आणखी एक गोष्ट बोलायला हवी: काळ्या रंगाबद्दल आपल्या घरांत मुलांसमोर काय काय बोललं जातं, कुठल्या भागात घर घेऊ नये म्हणून नव्यानं आलेल्यांना काय सांगितलं जातं. ते बोलणं मराठीत, आपल्या माणसांत, वेगळ्या बैठकीत व्हावं. कृष्णवर्णीय पाहुण्यांना त्याचे श्रोते बनवू नये.

इकडे महाराष्ट्रात खेळ लावणाऱ्या फिल्म सोसायट्यांसाठी वाट थोडी वेगळी. वितरकाकडे 'भारत, बिगर-व्यावसायिक, एक खेळ' असा हक्क मागायचा. चित्रपटाला भारतीय सेन्सॉर प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रं लवकर हलवा. फ्रेंचभाषक आफ्रिकेतल्या चित्रपटांसाठी पहिली चौकशी आलियान्स फ्रान्सेजकडे करा: पॅरिसच्या इन्स्टिट्यूट फ्रान्सेकडे 'सिनेमातेक आफ्रिक' हा आफ्रिकन चित्रपटांचा मोठा संग्रह आहे आणि त्यातले चित्रपट फ्रेंच सांस्कृतिक केंद्रांमार्फत मोफत खेळांसाठी मिळू शकतात. सबटायटल्स इंग्रजी असतील. आधी मराठीत दोन पानांचा कथासार आणि काळाचा संदर्भ वाटला तर कॉलेजच्या मुलांना सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी

वितरकाला किती लोक आले ते कळवा आणि बिल लगेच भरा. पुढच्या वेळी तुमच्या पत्राला उत्तर आधी येतं. ड्राइव्ह परत पाठवल्याची पावती जपून ठेवा. वक्त्याचं मानधन त्याच आठवड्यात द्या. यजमान संस्थेबरोबर अर्धा तास बसा, काय जमलं, काय नाही ते लिहून काढा, आणि पुढचा चित्रपट त्यांना सुचवू द्या. आलेल्या लोकांचे फोन नंबर आणि मेल त्यांच्या परवानगीनं घेतलेले असतील तर ती यादी यजमान संस्थेकडेही द्या. तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलात तर ती यादी आणि वितरकांशी झालेला पत्रव्यवहार यांवरून पुढचा माणूस खेळ चालू ठेवू शकतो.